‘पुढील तपासणीसाठी पाठवा’ : बाळाच्या विकासाची छाननी म्हणजे काय आणि काय नव्हे

मागच्या पावसाळ्यात डिचोलीकडून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. गावच्या अंगणवाडीत आरोग्य पथक येऊन गेले होते. तिच्या वीस महिन्यांच्या मुलाला पाहून, चार-पाच प्रश्न विचारून पथकाने तिच्या हातात एक कागद ठेवला. त्यावर लिहिले होते : विकासात विलंबाची शक्यता, पुढील तपासणीसाठी पाठवा. तिने मला एकच प्रश्न विचारला, ‘दादा, म्हणजे आमचा बाबू मतिमंद आहे असं लिहिलंय का?’

तसे लिहिलेले नव्हते. पण कागद देणाऱ्याने तो समजावून सांगितला नव्हता, आणि ती रात्रभर झोपली नव्हती. असे कागद गोव्यातल्या आणखी कितीतरी घरांत पोचतात. काही घरांत त्यांची घडी घालून कपाटात ठेवली जाते, काही घरांत त्यांवरून रडारड होते. दोन्ही टाळता येईल, म्हणून हा लेख.

टप्पे म्हणजे काय

मूल वाढते म्हणजे वजन आणि उंची वाढते, हे आपण जाणतो. अंगणवाडीत वजनकाटा असतो, तक्ता असतो. पण त्याच काळात मूल मान धरते, बसते, चालते, बोट दाखवते, शब्द बोलते, दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसते. यालाच विकास म्हणतात, आणि त्यातल्या ठळक खुणांना विकासाचे टप्पे. साधारण दोन महिन्यांचे बाळ आईकडे पाहून हसू लागते. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरते. नवव्या महिन्याच्या आसपास आधाराशिवाय बसते. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास एखादा अर्थपूर्ण शब्द येतो, दीड वर्षापर्यंत बहुतेक मुले चालतात आणि दोन वर्षांची झाली की ‘पाणी दे’, ‘आजी ये’ असे दोन शब्द जोडतात.

पणजीहून फोंड्याला जाणारी बस डोळ्यांपुढे आणा. रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारी, म्हार्दोळ, फर्मागुडी, मग फोंडा. एखादी बस जुन्या गोव्याला दहा मिनिटे जास्त थांबली तर कोणी घाबरत नाही. पण इतर बसगाड्या फोंड्याला पोचून गेल्या आणि ही अजून बाणस्तारीलाही आली नाही, तर स्टँडवर चौकशी करावी लागते. टायर बसला असेल किंवा नुसतीच वाहतूक अडली असेल. चौकशी केल्याशिवाय ते कळणार नाही.

काही टप्पे आपल्या डोळ्यांत भरत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचेच मोल जास्त. चवथीला घरात गणपती येतो, वर फळाफुलांची माटोळी टांगलेली असते. दीड वर्षाचे मूल तिच्यातल्या नारळाकडे किंवा केळीच्या घडाकडे बोट दाखवते, लगेच मान वळवून आईकडे पाहते आणि पुन्हा माटोळीकडे. ‘मी पाहतोय ते तूही पाहा,’ असे ते शब्दांवाचून सांगत असते. बोलणे याच देवघेवीवर उभे राहते. मूल चालते, खाते, खेळते, पण असे बोट दाखवत नाही आणि नावाने हाक मारली तरी वळत नाही, तर तज्ज्ञ त्याकडे लक्ष देतात. चालायला एक महिना उशीर झाला तर ते इतके लक्ष देणार नाहीत.

छाननी आणि निदान

छाननी म्हणजे चाळणी लावणे. ठरलेले प्रश्न आणि सोप्या कृती वापरून, कोणत्या मुलाकडे नीट पाहायला हवे हे ठरवायचे. तिला फार तर दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि प्रशिक्षण घेतलेली परिचारिका किंवा अंगणवाडी सेविकाही ती करू शकते. निदान हे वेगळे काम. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा-उपचारक असे अनेक जण मुलाला वेळ देऊन पाहतात, कान तपासतात, मग नाव देतात किंवा देत नाहीत. कागदावर ‘पुढे पाठवा’ असेल तर तिथवर फक्त चाळणी झालेली असते.

चाळणीची साधने वेगवेगळी आहेत. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १७ बाबींचा एक तक्ता तयार केला, तो आपल्याकडे बराच वापरला जातो. ऑटिझमसाठी, म्हणजे मराठीत ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो त्यासाठी, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या पालकांना २० प्रश्न विचारणारी एम-चॅट नावाची प्रश्नावली आहे. यांतले कोणतेही साधन निदान करत नाही.

हजार मुलांचा हिशेब

इथे थोडे गणित करू, कारण सगळा गोंधळ आणि सगळी भीती या गणितात दडलेली आहे.

समजा एका तालुक्यात हजार मुले आहेत आणि त्यांतल्या शंभर मुलांना खरोखर काही अडचण आहे. आपली चाळणी बरी आहे : अडचण असलेल्या शंभरातली ८० ती पकडते, अडचण नसलेल्या दर शंभरातली ८० ती बरोबर सोडते. आता चाळू. शंभरातली ८० पकडली, २० निसटली. उरलेल्या नऊशेंपैकी वीस टक्के, म्हणजे १८०, विनाकारण अडकली. एकूण २६० मुलांच्या हाती कागद आला, आणि त्यांतल्या खऱ्या अडचणीच्या मुलांची संख्या ८०. म्हणजे कागद मिळालेल्या दहांपैकी साधारण सात मुलांत पुढे काही निघणार नाही.

हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण तत्त्व सगळ्याच चाळण्यांना लागू आहे. बहिणीला मी हेच सांगितले : कागद आला म्हणजे दोष ठरला नाही, आणि पुढे गेल्याशिवाय बाबू त्या सातांत आहे की तिघांत, हे कळणार नाही. दोन्ही वाक्ये एकत्र सांगायला हवीत. पहिलेच सांगितले तर लोक कपाटात कागद ठेवतात, दुसरेच सांगितले तर झोप उडते.

चुकीची भीती कमी करण्याचा उपाय म्हणजे दुसरी चाळणी. एम-चॅटमध्ये पालकांचे उत्तर शंकास्पद आले की तेच प्रश्न उदाहरणे देऊन पुन्हा विचारतात. ‘बोट दाखवतो का’ याला ‘नाही’ म्हणणारी आई ‘दुकानात हवा असलेला खाऊ कसा सांगतो’ असे विचारल्यावर ‘अहो, बोटच दाखवतो की’ म्हणते. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक लहान मुलांवर ही दोन पायऱ्यांची पद्धत तपासली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही पायऱ्यांवर अडकलेल्या मुलांपैकी ४७.५ टक्क्यांत ऑटिझम निघाला, पण ९४.६ टक्क्यांत विकासाची कोणती ना कोणती अडचण किंवा काळजीची बाब होती. दुसरी पायरी नीट केली तर वाया जाणाऱ्या फेऱ्या फार उरत नाहीत.

अडचण खरोखर किती मुलांत असते? देशातल्या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाचांत पलवल, कांगडा, ढेंकानाल आणि हैदराबादबरोबर उत्तर गोवाही होता. दृष्टी, श्रवण, आकडी, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारी अडचण), ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, वाचेचे दोष आणि मोठ्या मुलांत अवधान व शिकण्याच्या अडचणी, हे सगळे धरून साधारण दर आठ मुलांत एकाला काही ना काही निघाले. ठिकाणाठिकाणी हा आकडा बराच वेगळा होता. तरी हा प्रश्न ‘कुणाच्या तरी घरचा’ नाही, एवढे त्यातून दिसते.

सरकार काय करायला बांधील आहे

दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६ मध्ये स्पष्ट तरतूद आहे : धोका असलेली मुले ओळखण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा छाननी करायची. म्हणजे छाननी हे सरकारचे कर्तव्य आहे.

त्याआधीच, २०१३ मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत चार प्रकारच्या गोष्टी शोधायच्या : जन्मजात दोष, पोषणातल्या कमतरता, आजार आणि विकासातला विलंब. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचे. अडकलेली मुले जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला सगळे ‘डीईआयसी’ म्हणतात तिथे पाठवायची. अशा केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण आणि वाचा-उपचारक, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत आणि सेवा मोफत मिळावी, अशी रचना आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही जाहीर केली, म्हणजे सेविकेनेही खुणा ओळखायच्या आणि कुटुंबाला सोबत द्यायची. कागदावर साखळी पूर्ण आहे.

गोव्यात कडी कुठे निसटते

देशातली ही साखळी आशा कार्यकर्तीवर, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविकेवर, बरीच टेकलेली आहे. २०१८ पासून बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी जाण्याचे काम तिच्याकडे आहे. पण आशा योजना देशभर पसरली तेव्हा गोवा तिच्या बाहेर राहिला. इथे जवळजवळ सगळी बाळंतपणे रुग्णालयात होतात, दवाखाने जवळ आहेत, त्यामुळे ती उणीव बाळंतपणात जाणवली नाही. विकासाच्या बाबतीत मात्र जाणवते. कागद मिळाल्यावर आठ दिवसांनी दारात येऊन ‘वहिनी, जाऊन आलात का?’ असे विचारणारी बाई ठरलेली नसते. ते काम परिचारिका आणि अंगणवाडी सेविका यांच्या आधीच भरलेल्या दिवसात बसवावे लागते.

दुसरी गोष्ट वयाची. अंगणवाडीत रोज येऊन बसणारी मुले तीन वर्षांच्या पुढची. त्याखालची घरी असतात, त्यांचा फक्त शिधा घरी जातो. पथक ज्या दिवशी येते त्या दिवशी आईने बाळाला आणले तरच ते दिसते. खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे जाणारी मुले, नोकरदार आई-वडिलांची पाळणाघरातली मुले आणि बांधकामावर आलेल्या मजुरांची, दर काही महिन्यांनी गाव बदलणारी मुले हाती लागणे आणखी कठीण. आणि मेंदूच्या दृष्टीने तीन वर्षांखालचीच वर्षे सर्वांत मोलाची : दोन वर्षांत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराला पोचतो.

माझे मत स्पष्ट आहे. छाननी लसीकरणाला जोडावी. राष्ट्रीय वेळापत्रकात ९ ते १२ महिन्यांत गोवर-रुबेलाचा पहिला डोस आहे आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा. जवळपास हीच वये बालरोगतज्ज्ञ छाननीसाठी सुचवतात. आई तसेही बाळाला घेऊन येते, सरकारी केंद्रात असो किंवा खाजगी. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवून ठेवतात, तो वेळ प्रश्नावलीला पुरतो. माता-बाल संरक्षण कार्डावर टप्प्यांची चित्रे छापलेलीच असतात, पण माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक कार्डांवर लसीचे रकाने भरलेले आणि ते पान कोरे असते.

आणि तिसरी कडी, सर्वांत नाजूक. ‘इतक्या हजार मुलांची तपासणी झाली’ हा आकडा अहवालात येतो. मला वेगळा आकडा हवा आहे : कागद मिळाल्यापासून पहिली थेरपी मिळेपर्यंत किती दिवस गेले? सहा महिने गेले, तर चाळणीने आईची झोप तेवढी घेतली आणि मुलाला काही दिले नाही. वीस महिन्यांच्या मुलासाठी सहा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पेडण्यापासून काणकोणापर्यंतचे राज्य एका दिवसात पार करता येते, २०११ च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो. एवढ्या लहान राज्यात प्रत्येक अडकलेल्या मुलाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणे शक्य आहे. २००८ मध्ये गोव्याने नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन चयापचयाचे आजार शोधण्याचा कार्यक्रम राज्यभर सुरू केला होता. त्यामागचा विचार हाच होता : थायरॉइडची जन्मजात कमतरता पहिल्या आठवड्यांत सापडली तर रोजच्या एका गोळीने मुलाची बुद्धी वाचते, उशिरा सापडली तर गेलेले परत येत नाही.

‘त्याचा बापही उशिराच बोलला’

हे वाक्य प्रत्येक घरात आहे, आणि ते खोटे नसते. उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. अडचण अशी की दोन वर्षांच्या मुलाकडे नुसते पाहून ते आपोआप बरोबरीला येईल की मागे राहील हे आजीला कळत नाही, आणि डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. बाप उशिरा बोलला हे आपल्याला आठवते. उशिरा बोलला आणि मग शाळेत वाचताना अडखळला, तो काका कोणी त्या वाक्यात घेत नाही.

बोलणे उशिरा असेल तर सर्वांत आधी कान तपासावेत. मोठा आवाज ऐकून दचकणारे मूलही बोलण्यातले बारीक आवाज ऐकत नसेल. बाळ झोपेत असताना कानात छोटेसे बूच ठेवून काही मिनिटांत ही तपासणी होते. श्रवणतज्ज्ञांचा नियम सोपा आहे : पहिल्या महिन्यात छाननी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय.

घरात कोंकणी, शेजारी हिंदी, शाळेत इंग्रजी

‘इतक्या भाषांनी मूल गोंधळले’ असे गोव्यात फार ऐकू येते. अनेक भाषा ऐकल्याने विकासात विलंब होत नाही. मोजताना मात्र सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजायचे. मूल ‘उदक’ म्हणते, ‘बॉल’ म्हणते आणि ‘भूभू’ म्हणते, तर ते तीन शब्द झाले. फक्त मराठीत किंवा फक्त इंग्रजीत विचारणारा तपासनीस त्यातले दोन सोडून देईल. म्हणून आईची भाषा जाणणाऱ्याने प्रश्न विचारावेत, हा नियम धोरणात हवा. मडगाव-वास्कोकडे कन्नड बोलणाऱ्या घरांसाठी तर जास्तच. तसेच काही प्रश्न परक्या घरांतून आलेले असतात. ज्याच्या घराला जिना नाही ते मूल पायऱ्या चढत नाही यात नवल नाही.

‘घोटाळा नको म्हणून घरी इंग्रजीच बोला’ हा सल्ला ऐकू नका. आईने जी भाषा मनापासून येते तीत बोलावे.

‘शिक्का बसेल’

ही भीती खरी आहे, आणि तिला हसणे योग्य नाही. पण छाननीचा कागद म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला नव्हे. तो दाखला वेगळ्या वैद्यकीय प्रक्रियेने मिळतो आणि हवा असल्यास अर्ज करून घ्यायचा असतो. शाळेत, गावात हा कागद दाखवण्याचे बंधन नाही. उलट ज्या मुलाची अडचण ओळखलीच जात नाही, त्याला शिक्के मोफत मिळतात : हट्टी, आळशी, ढ. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा उत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा मी तिथे एका आईला, मुलगा कसा शिकतो हे चारचौघांत मोकळेपणी सांगताना पाहिले. हे दहा वर्षांपूर्वी अवघड होते.

‘कॅनडात तर हे नको म्हणतात’

हा सर्वांत वजनदार आक्षेप, आणि तो खरा आहे. २०१६ मध्ये कॅनडाच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने १ ते ४ वर्षांच्या, काहीच लक्षण नसलेल्या मुलांची सरसकट छाननी करू नये अशी शिफारस केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या कार्यदलाने म्हटले की काही शंका नसलेल्या मुलांत ऑटिझमची छाननी करावी की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र ९, १८ आणि ३० व्या महिन्यात छाननी करा म्हणते.

हे मतभेद लपवण्याचे कारण नाही. पण कॅनडाची शिफारस नीट वाचली पाहिजे. ती लक्षणे नसलेल्या आणि पालकांना शंका नसलेल्या मुलांपुरती आहे. आईला शंका असेल तर तपासाच, असेच तेही म्हणतात. तिथे मुलाला कायमचा ठरलेला डॉक्टर असतो. आपल्याकडे पाच वर्षांचे, अजून न बोलणारे मूल पहिल्यांदा शाळेच्या दारात कोणाच्या लक्षात येते. जिथे डोळ्यांना दिसणारी अडचणही नोंदली जात नाही, तिथे छाननी हे मुलाला कोणीतरी एकदा नीट पाहण्याचे निमित्त आहे. मात्र ‘चाळा, पण पुढे काही नका देऊ’ अशी योजना असेल, तर मी कॅनडाच्या बाजूने उभा राहीन.

तज्ज्ञ आणायचे कुठून?

सगळे उपचार तज्ज्ञांच्याच हातून व्हायला हवेत असे नाही, हे गोव्यातच तपासले गेले. संगाथ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्यातल्या संस्थेच्या सहभागाने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ऑटिझम असलेल्या ६५ मुलांवर एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख असलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आई-वडिलांना मुलाशी खेळण्याची आणि संवादाची पद्धत शिकवली. आई-वडिलांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलांनी स्वतःहून साधलेला संवाद वाढला. अभ्यास लहान होता, पण वाट दिसण्याइतका मोठा. तालुक्या-तालुक्यात अशी प्रशिक्षित माणसे असतील, तर बांबोळी किंवा मडगावच्या मोठ्या रुग्णालयात दर आठवड्याला रजा काढून जाण्याची वेळ कमी मुलांवर येईल.

तारीख मिळेपर्यंत

बहिणीला तारीख पाच आठवड्यांनी मिळाली. तोवर काय करायचे, हा तिचा पुढचा प्रश्न. मी एका वाचा-उपचारक मैत्रिणीला विचारून तिला सांगितले. जेवताना टीव्ही आणि मोबाइल बंद. त्याच्या डोळ्यांच्या पातळीला खाली बसायचे. तो जिकडे पाहतो त्याचेच नाव घ्यायचे, ‘हे काय, ते काय’ अशी परीक्षा घ्यायची नाही. भाताचा घास पुढे धरून लगेच भरवायचा नाही, मनात पाचपर्यंत मोजायचे, त्याला काहीतरी खूण करायला वेळ द्यायचा, आणि केली की लगेच घास द्यायचा. मुलाची अडचण काहीही निघो वा न निघो, यातून नुकसान कशाचेच नाही.

केंद्रात जाताना तिने चार गोष्टी सोबत नेल्या : अंगणवाडीत मिळालेला कागद, माता-बाल संरक्षण कार्ड, बाळंतपणाच्या वेळचे कागद, आणि मोबाइलवर घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ, अंगणात एकटा खेळताना आणि आजीबरोबर खेळताना. अनोळखी खोलीत मूल घाबरून गप्प बसते, म्हणून व्हिडिओ. आधी कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांत पातळ द्रव साचला होता आणि त्याला कमी ऐकू येत होते. त्यावर उपचार सुरू आहेत, आठवड्यातून एकदा वाचा-उपचारही. तिसऱ्या महिन्यात परत बोलावले आहे. तिने ती तारीख कार्डाच्या त्या कोऱ्या पानावर स्वतः पेनाने लिहून ठेवली आहे.